आधी मासा मोजा, मग जाळे घ्या : नाशिकच्या धरणांवर गिलनेटचा आस निवडताना

नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. गंगापूर, दारणा, मुकणे, करंजवण, वाघाड, ओझरखेड, चणकापूर, गिरणा अशी लहानमोठी धरणे या जिल्ह्यात आहेत आणि त्यांच्या काठच्या गावांतून मच्छीमार सहकारी संस्थांचे काम चालते. अलीकडे या संस्थांमध्ये पिढीजात भोई कुटुंबांच्या जोडीने धरणग्रस्त शेतकऱ्यांची आणि आदिवासी पाड्यांवरची तरुण मुलेही सभासद म्हणून येत आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात पहिल्यांदाच जाळे हातात धरलेले असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. जाळे कसे टाकावे आणि कसे ओढावे हे काठावरची अनुभवी माणसे शिकवतातच, परंतु कोणत्या आसाचे, म्हणजे केवढ्या छिद्रांचे, जाळे घ्यावे हा प्रश्न बहुतेक वेळा दुकानदारावर सोडला जातो आणि तेथेच पुढच्या दोन वर्षांचे नुकसान ठरून जाते.

या नुकसानीचे कारण आधी नीट समजून घेतले पाहिजे. कटला, रोहू आणि मृगळ हे आपले मुख्य मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत, कारण त्यांना पावसाळ्यातील वाहते, चढते पाणी लागते. म्हणूनच १० जुलै १९५७ रोजी कटक येथे हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हा देशातील मत्स्यबीजाचे गणितच बदलले. आज आपली संस्था जी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, धरणात सोडते ती त्याच पद्धतीने तयार झालेली असते आणि तिच्यासाठी संस्थेने रोख पैसे मोजलेले असतात. धरणात सोडलेल्या दर माशाची जागा भरून काढणारा दुसरा मासा त्या पाण्यात आपोआप जन्माला येईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे दीडशे ग्रॅमचा रोहू बाजारात नेणे म्हणजे संस्थेने विकत घेतलेला मासा त्याच्या वाढीआधीच संपवणे होय. तोच मासा पाण्यात राहून एक किलोचा झाला असता तर वजन सहापटीहून अधिक भरले असते, आणि मोठ्या माशाला किलोमागे दरही चांगला मिळतो.

जाळे कोणत्या आकाराचा मासा धरते आणि कोणत्या आकाराचा मासा सोडते, या गुणाला आपण जाळ्याची निवडक्षमता म्हणू. ओढून नेण्याचे जाळे आणि पाण्यात उभे राहणारे जाळे यांची निवड वेगवेगळ्या रीतीने होते, आणि हा फरक नवख्या माणसाने सुरुवातीलाच मनात पक्का करावा. समुद्रातील ट्रॉल जाळे तळावरून ओढत नेले जाते. त्याच्या शेवटच्या पिशवीत, म्हणजे कोकणातील मच्छीमार ज्याला खोला म्हणतात त्या भागात, मासा एकदा आला की आसातून निसटण्याइतका लहान असला तरच तो सुटतो. म्हणजे लहान मासे सुटतात, मधले काही सुटतात तर काही अडकतात, आणि एका लांबीच्या पुढचे सगळेच अडकतात. ज्या लांबीचे निम्मे मासे सुटतात आणि निम्मे राहतात, ती लांबी त्या जाळ्याची खूण मानली जाते. गिलनेटचे तसे नाही. गिलनेट पाण्यात भिंतीसारखे उभे असते आणि मासा स्वतः येऊन त्यात डोके घालतो. फार लहान मासा आरपार निघून जातो, तर फार मोठ्या माशाचे डोके आसात शिरतच नाही आणि तो मागे फिरतो. मधल्या आकाराचा मासा कल्ल्यापर्यंत आत जातो, पुढे सरकत नाही आणि मागे हटला तर दोरा कल्ल्यात रुततो. म्हणून गिलनेट दोन्ही बाजूंनी निवड करते, आणि योग्य आस घेतला तर धरणासाठी याच्याइतके काटेकोर साधन दुसरे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रशियन मत्स्यशास्त्रज्ञ बारानोव्ह यांनी १९१४ च्या सुमारास या जाळ्यांविषयी एक सोपे तत्त्व मांडले. एकाच जातीच्या माशांची शरीरे लहानमोठी असली तरी प्रमाणात सारखीच असतात, म्हणून आस जितक्या पटीने वाढवावा तितक्याच पटीने अडकणाऱ्या माशाची लांबीही वाढते. शिवाय त्या आसाला सर्वांत योग्य बसणाऱ्या लांबीपेक्षा साधारण २० टक्क्यांहून अधिक लहान किंवा मोठा मासा त्या जाळ्यात क्वचितच सापडतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन वाक्यांवर उभ्या आहेत.

पहिली पायरी : आस स्वतःच्या हाताने मोजणे

आस दोन प्रकारे सांगितला जातो. काही जण शेजारच्या दोन गाठींमधील अंतर, म्हणजे चौकटीची एक बाजू सांगतात. काही जण आस पूर्ण ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर सांगतात. ताणलेला आस हा बाजूच्या दुप्पट असतो. बोटे घालून आस सांगण्याची जुनी पद्धत तर माणसागणिक बदलते. माझ्या पहिल्याच हंगामात या गोंधळाने आम्हाला चांगलाच धडा दिला. दिंडोरी तालुक्यातील एका जलाशयासाठी आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून फोनवरून साठ मिलिमीटरचे तंगुसाचे, म्हणजे एकेरी नायलॉन तंतूचे, जाळे मागवले होते. आमच्या मनात एका बाजूचे साठ होते आणि दुकानदाराने ताणलेल्या आसाचे साठ पाठवले. गठ्ठा उघडल्यावर आस लहान वाटला, पण नवीन जाळे कोरडे आणि चुरगळलेले असल्यामुळे तसे वाटत असेल अशी आम्ही मनाची समजूत काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे उचलले, तेव्हा दर हातभर अंतरावर एक रोहू होता, आणि एकही रोहू माझ्या वितीपेक्षा फारसा मोठा नव्हता. मागच्याच वर्षी सोडलेली ती बोटुकली होती. एकेकाच्या कल्ल्यातून तंगूस सोडवताना बारीक खवले बोटांना चिकटत होते, आणि सोडवलेला मासा पाण्यात ठेवला तरी पोट वर करून तरंगत होता. त्या सकाळी आम्ही विकलेल्या माशांचे पैसे बोटुकलीच्या बिलाच्या जवळपासही गेले नाहीत.

म्हणून जाळे मागवताना तोंडी आकडा कधीही सांगू नये. कागदावर ‘ताणलेला आस इतके मिलिमीटर’ असे पूर्ण वाक्य लिहावे आणि जाळे आल्यावर ते मोजूनच ताब्यात घ्यावे. मोजण्याची रीत अशी आहे. जाळ्याचा तुकडा अर्धा तास पाण्यात भिजवावा. जाळ्याच्या मधल्या भागातील, कडेची ओळ सोडून, सलग १० आस उभ्या ओळीत ताणून धरावेत आणि पहिल्या गाठीच्या मध्यापासून शेवटच्या गाठीच्या मध्यापर्यंतची लांबी मोजून तिला १० ने भागावे. ही लांबी एका गाठीच्या जाडीइतकी जास्त येते, त्यामुळे आतली खरी मोकळी जागा हवी असेल तर गाठीची जाडी वजा करावी. ताणताना दर वेळी सारखाच जोर द्यावा, कारण नायलॉन ताणल्यावर लांबते आणि जोर बदलला की आकडाही बदलतो. सोपा उपाय म्हणजे तुकडा खिळ्याला टांगून खाली एकच ठरलेले वजन अडकवावे. अशी मोजणी जाळ्याच्या पाच-सहा वेगवेगळ्या जागी करावी. आस जागोजागी वेगळा भरला तर ते जाळे परत करावे.

दुसरी पायरी : माशाचा घेर मोजणे

सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा, आणि हीच पायरी लोक सर्वाधिक टाळतात. गिलनेटमध्ये माशाची लांबी अडकत नाही, त्याचा घेर अडकतो. ताणलेल्या आसाच्या दुप्पट म्हणजे आसाचा परीघ. दोऱ्याची तेवढीच लांबी माशाच्या अंगाभोवती बसते. माशाच्या कल्ल्याच्या झाकणामागचा घेर या परिघापेक्षा थोडा कमी असावा लागतो, म्हणजे डोके आत जाते, आणि पाठीच्या पराआधीच्या सर्वांत जाड भागाचा घेर परिघापेक्षा जास्त असावा लागतो, म्हणजे मासा पुढे सरकत नाही.

संस्थेचा मासा तोलला जातो त्या ठिकाणी, तोलणाऱ्या ताईंना किंवा भाऊंना आधी सांगून, हे काम करावे. जाड सुती दोरा, मोजपट्टी आणि वही एवढेच साहित्य पुरते. प्रत्येक जातीचे निदान दहा मासे घ्यावेत. प्रत्येकाचे वजन, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी, कल्ल्यामागचा घेर आणि सर्वांत जाड भागाचा घेर असे चार आकडे लिहावेत. दोरा माशाला टेकलेला असावा, पण मांसात रुतलेला नसावा. पोट फुगलेला किंवा गाभोळीने भरलेला मासा या मोजणीतून वगळावा.

समजा, एक किलोच्या आसपासचा रोहू साधारण ४४ सेंटिमीटर लांब आहे, त्याचा कल्ल्यामागचा घेर २० सेंटिमीटर आणि जाड भागाचा घेर २५ सेंटिमीटर भरला. तर २२ सेंटिमीटर परिघाचा आस त्याला बरोबर पकडील, म्हणजे ताणलेला आस ११० मिलिमीटरचा हवा. आता लांबीला आसाने भागले तर ४४० भागिले ११०, म्हणजे ४ हा गुणांक मिळतो. आपल्या धरणातील रोहूसाठी हा गुणांक एकदा काढला की पुढे कोणत्याही आसासाठी अडकणारी लांबी एका गुणाकारात सांगता येते. आमच्या त्या ६० मिलिमीटरच्या जाळ्याला याच हिशेबाने २४ सेंटिमीटरचा मासा लागत होता, ज्याचे वजन दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या घरात असते. आधी दोरा घेऊन मोजले असते तर जाळे पाण्यात जाण्यापूर्वीच हे कळले असते.

हा आकडा जातीजातीला वेगळा असतो, हे विसरू नये. कटल्याचे डोके मोठे आणि अंग रुंद असते, त्यामुळे त्याच आसात कटला रोहूपेक्षा कमी लांबीचा असतानाच अडकतो. मृगळ सडपातळ असतो आणि त्याच आसातून बराच लांब होईपर्यंत निसटतो. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, पुन्हा रुंद असतो. ज्या धरणात कटला अधिक सोडला आहे तेथे केवळ रोहू मोजून घेतलेले जाळे लहान कटल्याची कत्तल करील. शिंगाळ्यासारख्या काटेरी माशांना तर हा नियमच लागू पडत नाही, कारण त्यांचे काटे कोणत्याही आसात गुंततात.

तिसरी पायरी : कोणता मासा पाण्यात ठेवायचा ते ठरवणे

येथे नवखा माणूस एक चूक हमखास करतो. ‘आम्हाला एक किलोखालचा मासा नको’ असे ठरवून तो एक किलोच्या माशाला बसणारा आस घेतो. पण बारानोव्ह यांच्या तत्त्वाप्रमाणे त्या आसात २० टक्के कमी लांबीपर्यंतचे मासेही सापडत राहतात. माशाचे वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे लांबी ०.८ पट असेल तर वजन ०.५१ पट भरते. याचा अर्थ असा की एक किलोसाठी घेतलेले जाळे अर्ध्या किलोच्या माशालाही अधूनमधून धरणारच. एक किलो ही खरोखरच तळाची मर्यादा ठेवायची असेल, तर जाळे दोन किलोच्या माशासाठी घ्यावे लागते. दोन किलोचा रोहू एक किलोच्या रोहूपेक्षा सुमारे १.२६ पट लांब असतो, म्हणून वरच्या उदाहरणातील ११० मिलिमीटरचा आस १.२६ पट करून साधारण १४० मिलिमीटरपर्यंत न्यावा लागतो.

आस जितका मोठा तितके चांगले, असा मात्र याचा अर्थ नाही. मासा वर्षानुवर्षे पाण्यात ठेवला तर काही मरतात, काही मोठ्या माशांच्या आणि पक्ष्यांच्या पोटी जातात आणि पावसाळ्यात सांडव्यावरून कितीतरी खाली वाहून जातात. ज्या धरणाचे पाणी उन्हाळ्यात तळाला जाते तेथे दोन किलोची वाट पाहणे परवडत नाही. तेथे पाणी आटण्यापूर्वी काढणी पूर्ण करणे हेच शहाणपणाचे असते. बारमाही खोल पाणी असलेल्या धरणासाठी आणि मार्चअखेर डबके होणाऱ्या तलावासाठी एकच आस सुचवणाऱ्या माणसाचा सल्ला घेऊ नये.

ठेक्याचा करारही याच टप्प्यावर वाचावा. कोणत्या प्रकारची आणि किती आकाराची साधने वापरावीत याविषयी नियम करण्याचा अधिकार १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून शासनाकडे आहे, आणि त्याच अधिनियमाने पाण्यात स्फोटके व विष वापरण्यास बंदी घातली आहे. जाळ्याविषयी एखादी अट करारात असेल आणि तिचा अर्थ लागत नसेल, तर जिल्ह्यातील मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्त कार्यालयात जाऊन ती ताणलेल्या आसाविषयी आहे की एका बाजूविषयी, हे लेखी विचारून घ्यावे.

चौथी पायरी : जाळे दोराला बांधणे

बरोबर आसाचे जाळे चुकीच्या पद्धतीने दोराला बांधले तर निवडक्षमता जवळजवळ निघून जाते. जाळे ज्या दोराला बांधले त्या दोराची लांबी भागिले पूर्ण ताणलेल्या जाळ्याची लांबी, हे प्रमाण येथे महत्त्वाचे असते. गिलनेटसाठी हे प्रमाण साधारण ०.५ ठेवतात. समजा, १४० मिलिमीटर आसाचे, लांबीत १००० आस आणि उंचीत ३० आस असलेले जाळे आहे. त्याची ताणलेली लांबी १४० मीटर होते, म्हणून ते ७० मीटर दोराला बांधावे. तेव्हा प्रत्येक आस दोरावर ७ सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे दर पाच आसांची गाठ ३५ सेंटिमीटरवर मारावी. पाण्यात त्या जाळ्याची उंची ताणलेल्या ४.२ मीटरऐवजी सुमारे ३.६ मीटर भरते.

तेच जाळे ५६ मीटर दोराला बांधले तर प्रमाण ०.४ होते, उंची थोडी वाढते आणि जाळे सैल, पिशवीसारखे लोंबते. अशा सैल जाळ्यात मासा कल्ल्यात न अडकता गुंडाळला जातो. गुंडाळण्याला आकाराचे बंधन नसते, म्हणून लहान मासे, मोठे मासे, कासवे, जे येईल ते त्यात सापडते. उलट ८४ मीटर दोराला बांधले तर प्रमाण ०.६ होते, जाळे ताठ राहते आणि निवड अधिक काटेकोर होते, पण एकूण मासा थोडा कमी मिळतो. काही जण मुद्दाम सैल जाळे बांधून ‘जास्त लागते’ असे सांगतात. ते खोटे नसते, पण त्या जास्तीत निम्मी पुढच्या वर्षाची कमाई असते.

दोऱ्याची जाडीही पाहावी. तंगुसाची जाळी साधारण ०.१६ ते ०.२३ मिलिमीटर जाडीत मिळतात. बारीक तंगूस पाण्यात दिसत नाही आणि जास्त मासा धरतो, पण तो माशाच्या अंगात खोल रुततो आणि लवकर तुटतो. मोठ्या आसासाठी जाड तंगूस घ्यावा. पिळाचे नायलॉन जाळे थोडे कमी धरते, पण लहान मासा जिवंत सोडवायचा असेल तर ते हाताला आणि माशाला दोघांनाही सोपे जाते.

चिलापीचा पेच

आपल्या अनेक जलाशयांत चिलापी (तिलापिया) इतकी वाढली आहे की ती काढली नाही तर कटला-रोहूच्या खाद्यावर ताण येतो. पण ती लहान असतानाच विणीला येते आणि दाट झाली की खुरटते, त्यामुळे तिच्यासाठी बारीक आस लागतो आणि त्याच बारीक आसात सोडलेली बोटुकली सापडते. या पेचावर पूर्ण समाधान देणारा उपाय मला सापडलेला नाही. नुकसान कमी करणारे मार्ग मात्र आहेत. चिलापीसाठी शक्यतो फेकजाळे वापरावे, कारण त्यात मासा जिवंत हातात येतो आणि कार्प जातीचे पिल्लू लगेच पाण्यात परत सोडता येते. गिलनेटच वापरायचे झाले तर ते रात्रभर न ठेवता दिवसा तास-दोन तास लावावे आणि माणसाने जवळच थांबावे. बोटुकली सोडल्यानंतर पहिले काही महिने काठाजवळच्या उथळ पाण्यात बारीक जाळे लावूच नये, कारण बोटुकली तेथेच चरते. बोटुकली सोडतानाही १० सेंटिमीटरपेक्षा मोठी घेतली तर ती शिकारी माशांच्या तोंडून बऱ्यापैकी वाचते.

महाजाळ आणि चौकोनी आस

उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काही ठिकाणी महाजाळ ओढले जाते. त्याची निवड गिलनेटसारखी नसून ट्रॉलसारखी, म्हणजे एकाच बाजूची असते, आणि म्हणून समुद्रावर झालेल्या कामाचा येथे थेट उपयोग होतो. नेहमीच्या जाळ्याचा आस पतंगाच्या आकाराचा असतो. पिशवीत मासे साठून ओढ वाढली की हे आस लांबट होऊन मिटतात. मोजपट्टीवर ४० मिलिमीटर भरणारा आस त्या क्षणी माशासाठी जेमतेम चिरेएवढा उरतो आणि आतला लहान मासा बाहेर पडू शकत नाही. तेच जाळे ४५ अंशांनी फिरवून बसवले तर आस चौकोनी उभा राहतो. ओढीचा भार बाजूंच्या दोऱ्यांवरून सरळ जातो आणि खिडकी उघडी राहते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ट्रॉलच्या खोल्यासाठी चौकोनी आसाचा आग्रह याच कारणासाठी धरला. केरळने २०१५ पासून आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये समुद्री माशांच्या अनेक प्रजातींसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. महाराष्ट्राच्या यादीत ५४ प्रजाती आहेत. ती यादी समुद्रापुरती आहे, पण मागचा विचार धरणालाही लागू पडतो.

महाजाळाच्या मधल्या पिशवीत, वरच्या आणि मागच्या बाजूला, चौकोनी आसाचा तुकडा बसवावा. जाळे आसांच्या ओळीने न कापता दोऱ्याच्या तिरक्या रेषेने कापावे लागते, आणि कापलेल्या कडेच्या गाठी सुटू नयेत म्हणून कडेला जाड दोरा गुंफावा लागतो. रोहू, मृगळ यांसारख्या गोलसर अंगाच्या माशांना चौकोनी आस चांगला मानवतो. चपट्या, उंच अंगाच्या चिलापीला त्यातून निसटणे अवघड जाते, आणि आपल्या कामासाठी तो एक फायदाच आहे.

पाचवी पायरी : तीन जाळ्यांची चाचणी

घेराच्या मोजणीवरून आलेला आस सगळ्या सभासदांसाठी एकदम मागवू नये. १००, १२० आणि १४० मिलिमीटर आसाचे तीन तुकडे घ्यावेत. तिन्हींची लांबी, उंची, तंगुसाची जाडी आणि बांधणीचे प्रमाण सारखेच असावे, नाहीतर फरक आसाचा की बांधणीचा हे कळणार नाही. तिन्ही जाळी एकाच वेळी, एकाच खोलीवर, थोडे अंतर राखून लावावीत आणि दर रात्री त्यांच्या जागा बदलाव्यात. अशा आठ-दहा रात्री झाल्या की प्रत्येक जाळ्यातील प्रत्येक माशाची जात आणि लांबी वहीत उतरलेली असावी.

वहीत दर दोन सेंटिमीटरचा एक रकाना आखावा आणि प्रत्येक माशासाठी त्या रकान्यात एक उभी रेघ मारावी. काही दिवसांत प्रत्येक जाळ्याच्या पानावर रेघांचा एक उंचवटा दिसू लागतो. १०० च्या जाळ्याचा उंचवटा ४० सेंटिमीटरजवळ, १२० चा ४८ जवळ आणि १४० चा ५६ जवळ आला, तर तिन्हींचा गुणांक ४ आहे आणि आपली मोजणी बरोबर आहे, असे समजावे. एखाद्या जाळ्याचा उंचवटा अपेक्षेपेक्षा डावीकडे सरकला, तर जाळे सैल बांधले गेले आहे किंवा त्या पाण्यात मोठा मासा उरलेलाच नाही, या दोन शक्यता तपासाव्यात. दुसरी शक्यता खरी निघाली तर मोठा आस घेऊन पहिल्या वर्षी हात रिकामे राहतील. ही गोष्ट सभासदांना आधीच सांगावी, नाहीतर महिनाभरात कोणीतरी बारीक जाळे गुपचूप पाण्यात टाकतो आणि त्याचे पाहून बाकीचेही टाकतात.

जाळे पाण्यात असताना

जाळे संध्याकाळी लावावे आणि उजाडताच उचलावे. जास्त वेळ राहिलेल्या जाळ्यात मासा मरून फुगतो, त्याचा दर पडतो आणि मेलेल्या माशाच्या वासाने इतर प्राणी येऊन गुंततात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य २०२० मध्ये रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले, महाराष्ट्रातील अशी पहिली जागा. तेथील पक्षी आपल्या धरणांवरही उतरतात. पाणकावळे आणि टिबुकल्या पाण्याखाली बुडी मारून मासा धरतात आणि तंगूस त्यांना दिसत नाही. हिवाळ्यात पक्ष्यांचे थवे बसतात त्या फुगवट्यात जाळे लावू नये, आणि लावलेच तर वरचा दोर पाण्याच्या पृष्ठभागाखाली दीड-दोन मीटर खोल राहील अशी बोयांची दोरी लांब ठेवावी. पृष्ठभागाजवळ वावरणाऱ्या पक्ष्यांना त्याने थोडी वाट मिळते.

प्रत्येक जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या बोयांवर सभासदाचा क्रमांक आणि ताणलेला आस रंगाने लिहावा. जाळे बुडालेल्या झाडाला अडकून तुटले तर गळ टाकून ते शोधावेच, कारण नायलॉन कुजत नाही आणि पाण्यात राहिलेला तुकडा वर्षानुवर्षे मासे मारत राहतो. फाटलेली जागा दुरुस्त करताना हाताला येईल तो आस विणू नये. मूळ आसाच्या बाजूएवढी रुंद बांबूची पट्टी, म्हणजे १४० च्या जाळ्यासाठी ७० मिलिमीटर घेर भरेल अशी नव्हे तर ७० मिलिमीटर रुंदीची पट्टी, सुईसोबत पिशवीत ठेवावी आणि प्रत्येक आस तिच्यावरूनच विणावा. पट्टी नसेल तर विणणाऱ्याचा हात नकळत आखडता होतो आणि दोन हंगामांत जाळ्यात लहान आसांची ठिगळे तयार होतात.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सगळी जाळी संस्थेच्या ओट्यावर आणून, भिजवून, वजन लावून पुन्हा मोजावीत. ज्यांचा आस वहीतल्या आकड्यापेक्षा कमी भरेल ती बाजूला काढावीत, आणि नव्या जाळ्याची मागणी लिहिताना त्या वर्षीच्या रेघांचे पान सोबत जोडावे.